पहिली बशी कुणाची?

खाणावळीत किस्से जमवावे लागत नाहीत. मागीलदारी करवंट्या साचतात तसे ते आपोआप साचतात. रोज नारळ फुटतो, रोज कुणीतरी काहीतरी बोलून जातं, आणि हंगाम संपताना बघावं तर हा ढीग! यातले काही किस्से मी आजवर कुणाला सांगत नव्हते. कारण गोष्ट अर्ध्यावर अडली होती आणि माझा जीव तिच्यात टांगणीला लागला होता. आता सगळं सुरळीत झालंय. हुश्श करून बसलेय, चहा समोर आहे, तेव्हा सांगूनच टाकते.

तारकर्लीच्या वाटेवर आमची तिघींची खाणावळ आहे. फिलोमिना, शालन आणि मी सुलभा. चूल फिलोमिनाच्या पडवीत, टेबलं तिच्या माडांखाली. शालनचं घर गडग्यापलीकडे. गडगा म्हणजे कमरेएवढी दगडांची भिंत, बाकी काही नाही. फिलोमिनाच्या हाताला माशाची कढी, शालनच्या हाताला तांदळाची भाकरी आणि माझ्याकडे तोंड! गिऱ्हाइकांना बोलावणं, बसवणं आणि गोड बोलून थोपवून धरणं हे माझं खातं.

या दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी नव्हेत, पण लग्न होऊन शेजारी आल्या आणि तेव्हापासून त्या गडग्यावरून बशी जात-येत राहिली. चतुर्थीला तिकडून करंज्या, नाताळात इकडून दोदोल, म्हणजे नारळाच्या रसात गूळ आटवून केलेली मऊ वडी. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसलं तर गुळाचा खडा ठेवतात, दोन हिरव्या मिरच्या ठेवतात, पण रिकामं नाही.

आणि एका पावसाळ्यात फिलोमिनाची बशी गडग्यावरून रिकामी परत आली. धुऊन, पुसून, रिकामी!

त्या वेळी खाणावळ बंद होती आणि मी लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात. परत आले तर दोघी एका चुलीपाशी पाठीला पाठ लावून उभ्या. फिलोमिनाला विचारलं तर म्हणाली, "बशी रिकामी धाडल्यान. आणि काय व्हया?" शालनला विचारलं तर म्हणाली, "तिका सगळा म्हायत आसा. तिकाच इचार." पुढे दोघींनी तोंडं शिवली ती दोन-तीन वर्षं.

*

म्हणजे एकमेकींशी शिवली. माझ्याशी अखंड चालू!

"सुलभा, तिका सांग, कढीत मीठ कमी आसा."

"सुलभा, तिका सांग, मीठ माका कळता."

दोघींमध्ये अंतर एका पाटा-वरवंट्याचं. आवाज तर पार समुद्रापर्यंत जाणारे. तरी निरोप माझ्यामार्फत! मी मालवणात बाजाराला गेले की काय होत असेल याची मला काळजी असे. एकदा भर गर्दीच्या वेळी मला यायला उशीर झाला. येऊन बघते तर पुण्याचे एक गृहस्थ, बायको-मुलं टेबलावर सोडून, चुलीशी उभे. फिलोमिना त्यांना म्हणते, "तिका सांगा, भाकऱ्या बेगीन व्हयेत." शालन म्हणते, "तिका सांगा, हात दोनच आसत." गृहस्थ बिचारे प्रामाणिकपणे दोन्हीकडचे निरोप शुद्ध मराठीत पोचवत होते. घामाघूम झाले होते.

मला बघून त्यांनी कपाळ पुसलं आणि विचारलं, "ताई, मला बिल लावणार की पगार देणार?"

*

आता त्या बशीची खरी मेख सांगते. ती साधी बशी नव्हती. फिलोमिनाच्या लेकाने, आग्नेलने मस्कतला लग्न केलं, त्या आनंदाची ती बशी होती. आग्नेल तिथल्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे, मुलगी तिथलीच नर्स. नाव न्याशा. झिंबाब्वेची, शोना लोकांतली. फिलोमिना आधीच धास्तावलेली, की सून आफ्रिकेची, लोक काय म्हणतील? धीर करून तिने दोदोल केला आणि पहिली बशी कुणाला, तर शालनला. ती रिकामी परत आली. आता तुम्हीच सांगा, तिने काय समजायचं? तिने समजून घेतलं की शालनला सून पसंत नाही. आणि हे ती कुणापाशी बोलली नाही. सुनेपाशी तर नाहीच नाही. मलासुद्धा एकदाच, डोळे पुसता पुसता म्हणाली, तेवढंच.

तर आग्नेलला रजा मिळून न्याशा पहिल्यांदा सासरी आली ती गेल्या हंगामात. पाणंद अरुंद, म्हणून गाडी रस्त्यावर थांबली. आम्ही सगळे उभे. न्याशा उतरली, डोक्यावर पांढरी ओढणी, मान खाली. चार पावलं चालली आणि मटकन मातीत बसली!

"सायबा माझ्या, झीट इली!" फिलोमिना पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

आग्नेल हसत होता. "झीट नाय गो माय, रीत आसा! तेंच्यात सून चार पावला चालता आणि बसता. सासरच्यांनी कायतरी दिल्याशिवाय उठणा नाय."

आता आली का पंचाईत! फिलोमिनाने हाताला लागला तो नारळ आणून दिला. न्याशाने दोन्ही हातांनी घेतला, उठली, चार पावलं चालली, बसली. माझ्या हातात तांबड्या भाजीची जुडी होती, ती मी दिली. उठली, चालली, बसली. मागून सायकलवरून मासेवाला येत होता. त्याला वाट मिळेना. त्याने कुणाला काही न विचारता दोन बांगडे काढून दिले! मला वाटतं त्याला फक्त पुढे जायचं होतं.

आणि मग ती बसली ती नेमकी शालनच्या गेटसमोर. तिला बिचारीला काय ठाऊक! शालन पडवीत तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि घरात निघून गेली. फिलोमिनाचा चेहरा असा उतरला की माझ्याने बघवेना. पण शालन बाहेर आली. हातात अबोलीचा वळेसर होता, ताजा, स्वतःसाठी केलेला. तो तिने न्याशाच्या बारीक बारीक वेण्यांत माळला आणि परत सुपापाशी जाऊन बसली.

मला वाटलं, मिटलं! दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी तसं म्हणूनही गेले. शालनने तवा आपटला.

"सुलभा, तिका सांग, फुला सुनेक दिलंय, सासवेक नाय!"

*

आग्नेलची रजा संपली, तो गेला. न्याशाची जुनी नोकरी सुटली होती आणि नवी पावसाच्या तोंडावर सुरू व्हायची होती. तोवर ती सासूकडे राहिली. बसून राहणारी बाई नव्हेच ती. तिसऱ्या दिवशी पदर नसलेला पदर खोचून चुलीपाशी हजर!

शालनने भाकरीसाठी उकड काढली होती. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून झाकून ठेवलं आणि ती लाकडं आणायला मागे गेली. न्याशाने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा असा फुलला, की जणू माहेरचं माणूस टोपात बसलंय. "साडझा!" म्हणून ओरडलीच. त्यांच्याकडे मक्याचं पीठ असंच घोटतात आणि तेच त्यांचं रोजचं जेवण. तिने डाव ओला केला, गुळगुळीत गोळे थापले आणि नाशिकहून आलेल्या मंडळींच्या ताटांत वाढून मोकळी झाली!

शालन आली तर टोप रिकामा, तवा तापलेला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आफ्रिकेत भाकरी अर्ध्यावर सोडतत?"

मी तोंड लपवून टेबलाकडे धावले, माफी मागायला. तर नाशिककर बोटं चाटत होते. कढीत बुडवून खाल्लेले गोळे संपले होते. "ताई," त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "ते मऊ काय होतं ते अजून वाढा. दात नसलेल्या माणसाचा विचार पहिल्यांदा कुणीतरी केला बघा!"

त्या दिवसापासून शालन उकड जरा जास्त काढायला लागली. कुणासाठी ते तिने सांगितलं नाही.

*

न्याशाची आणखी एक रीत. कुणी काही दिलं, की गुडघे किंचित वाकवून, तळव्यांची ओंजळ एकमेकीवर आपटून ती टाळ्या वाजवते. हळू, घुमणाऱ्या टाळ्या. त्यांच्याकडे बायकांनी आभार असेच मानायचे.

एक दिवस कोल्हापूरचा मोठा गट आला होता. त्यांच्यातल्या एका काकांनी कौतुकाने तिला आंबा दिला. न्याशा वाकली आणि टाळ्या वाजवायला लागली. शेजारच्या टेबलाने बघितलं, त्यांना वाटलं काकांचा वाढदिवस! त्यांनी टाळ्या धरल्या. तिसऱ्या टेबलाने गाणंच सुरू केलं. काका उभे राहून सगळ्यांना हात जोडत होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाढदिवस माझा डिसेंबरात असतो. पण घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. आज झाला ते बरं झालं!"

*

आता म्हणीकडे येते.

न्याशाने मला एकदा डब्यातून भोपळ्याच्या पानांची भाजी दिली, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली. दुसऱ्या दिवशी मी डबा परत केला, आत दोन आमसुलं ठेवून. तिने झाकण उघडलं आणि डोळे मोठे केले. मी म्हटलं, "आमच्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत." तर ती त्या आमसुलांसाठी टाळ्या वाजवून म्हणाली, "कान्दिरो कानोएंदा कुनोब्वा काम्वे!"

म्हणजे काय? तर म्हणे, लहान बशी तिथंच जाते, जिथून लहान बशी येते.

हे ऐकलं मात्र, फिलोमिनाने कढीचा डाव वर उचलला. "बगलंस? थंयसुद्धा तसाच! जंयसून बशी येणा नाय, थंय आपली धाडूची नाय!"

गडग्याकडच्या कोपऱ्यातून लगेच उत्तर आलं, "सुलभा, तिका सांग, बरोबर! जी इचारूक येणा नाय, तिच्याकडे आपण जावचा नाय!"

दोन-तीन वर्षांत या दोघींचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ते नेमकं भांडण चालू ठेवण्यावर!

न्याशा दोघींकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागली. नाही, नाही! ही म्हण तराजूची नव्हे. तिने तिच्या हिंदी-इंग्रजीत, मध्ये मध्ये मालवणी पेरत समजावलं. तिच्या आजीचं गाव माळावरचं, मक्याच्या भरवशावर जगणारं. पाऊस दडी मारायचा त्या वर्षी घराघरांत खायची चणचण. तेव्हाच आजी बशी पाठवायची. चार पानांची भाजी, वर दुसरी बशी झाकण. शेजारीण दोन दिवसांनी मूठभर शेंगा पाठवायची. अशी माणसं पावसापर्यंत पोचायची. म्हणीत "कान्दिरो" म्हटलंय, म्हणजे लहानशी बशी. नुसती बशी म्हटलेलं नाही. मी विचारलं, "लहानच का?" तर न्याशा म्हणाली, आजी म्हणायची, मोठं ताट धाडलं की घेणारा दबतो. आता एवढं परत कुठून करू, म्हणून तोंड चुकवतो. लहान बशी कुणालाही फेडता येते.

"बरा," फिलोमिना म्हणाली, "पण पयली बशी कोणी धाडूची?"

न्याशा हसली. म्हणाली, ते म्हणीत सांगितलेलं नाही. आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली होती, जिला आधी आठवण येते तिने.

मग फिलोमिनाला एकदम मिरची जास्त झाल्यासारखा खोकला आला.

*

आणि न्याशाने बश्या सुरूच केल्या! या घरी चार भजी, त्या घरी वाटीभर खीर. वाडीतल्या बायका रिकामी बशी परत करणाऱ्या नव्हेत. त्यांनी उलट धाडलं. मग हिने परत धाडलं. वाडीत बश्यांचा असा फेरा सुरू झाला की कुणाचं भांडं कुणाकडे ते कळेना. माझ्या घरात ज्या ताटल्या होत्या त्यांच्यावर कोरलेली नावं वाचून मला वाटायला लागलं, मी चुकून दुसऱ्याच घरात राहते.

मी न्याशाला आंब्याचं लोणचं दिलं होतं. तिने त्यातलं थोडं कोपऱ्यावरच्या घरी दिलं, तिथून ते मासेवाल्याकडे गेलं, तिथून आणखी कुठे. आठवडाभराने पलीकडच्या वाडीतली माझी जाऊ झाकलेली वाटी घेऊन आली.

"घे गो, लोणचा. चाखून सांग. मीठ जरा जास्त वाटता, पण घालणाऱ्या बायेक सांगूक नको, उगीच वायट वाटात!"

माझंच लोणचं! मी चाखलं. मीठ जास्तच होतं.

*

सगळ्या वाडीत बश्या फिरत होत्या. गडग्यावरून मात्र एकही जात नव्हती. न्याशाच्या ते लक्षात आल्याशिवाय कसं राहील? एक दिवस तिने मला धरलं. मी सांगणार नव्हते. पण ती नर्स आहे, माणसाच्या तोंडून दुखणं काढून घेते. मी म्हटलं, "ती बशी तुझ्या लग्नाची होती गो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कुठून बोलले! ती उठली, सरळ शालनच्या पडवीत गेली. मी मागे पळतेय. शालन कोकमं फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल.

"काकी," न्याशा म्हणाली, "माझी बशी रिकामी कित्याक?"

इतकी वर्षं आम्ही तिघी, शहाण्यासुरत्या बाया, हा साधा प्रश्न गिळून बसलो होतो. शालनचे हात थांबले.

"अगो, घरात सुतक होता!"

आमच्याकडे भावकीत कुणी गेलं की घराला सुतक लागतं आणि सुतकाच्या घरातून खाण्याची वस्तू कुणाला देत नाहीत. शालनच्या नवऱ्याचा चुलतभाऊ मुंबईत गेला होता. नवरा गेल्यावर त्यानेच हिला सख्ख्या भावासारखा आधार दिलेला. क्रियाकर्म सगळं मुंबईत झालं, इथे कुणाला पत्ता नाही. शालनला वाटलं, आपलं रडणं गडग्यापलीकडे ऐकू गेलंच असेल, म्हणून ती दारात बसून वाट बघत होती की फिलोमिना तरी विचारायला येईल. फिलोमिना आली नाही, तिची गोडाची बशी आली! "माका वाटला, माजा माणूस गेला आणि हिका दोदोल सुचता! म्हणान धुवन धाडलंय."

मी तिथंच जमिनीवर बसले. दोन-तीन वर्षं मी या दोघींचं मीठ-मिरची इकडून तिकडे वाहिलं आणि मुळात कुणाचा काही गुन्हाच नव्हता! हसावं की दोघींच्या डोक्यात नारळ घालावा, मला ठरवता येईना.

न्याशाने तिचे कोकमाने माखलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तिच्या भाषेत काहीतरी हळू म्हणाली. त्यांच्याकडे म्हणे याला "हात धरणं" म्हणतात. कुणी गेल्याचं कळलं की जाऊन हात धरायचे. महिन्याने कळो, वर्षांनी कळो. उशीर झाला म्हणून जायचं राहत नाही.

*

फिलोमिनाला सांगितलं तेव्हा तिने छातीवर क्रूस केला. "सुतकाच्या घरात मी दोदोल धाडलंय?" आणि मग खुर्चीत बसून राहिली. रडली, हलकी झाली. पण गडगा ओलांडायचं नाव काढीना! आज गुडघा दुखतोय. उद्या रविवार, चर्च. परवा गिऱ्हाईक जास्त. "आता खंयच्या तोंडान जाव गो? एवढ्या वर्षांनी?" एकच पालुपद.

न्याशा तिला म्हणाली, "मी गेल्यावर तुमच्या घरी बशी खंयसून येतली? बशी येणा नाय त्या घरात तुमका एकटी ठेवून मी कशी जाव?"

फिलोमिना म्हणाली, "जातंय गो, जातंय." आणि गेली नाही. दिवस मात्र जात राहिले आणि आभाळ भरून यायला लागलं.

*

न्याशा निघाली तो दिवस. कुडाळला गाडी पकडायची, तिथून मुंबई, मग विमान. बाबलची रिक्षा पाणंदीच्या तोंडाशी उभी. बॅगा चढल्या, मी सोबत जाणार होते, मीही चढले. न्याशा सासूच्या गळ्यात पडली, डोळे पुसले, चार पावलं चालली.

आणि शालनच्या गेटसमोर मातीत बसली!

"अगो, आता कित्याक?" फिलोमिना ओरडली. "रीत येताना आसा ना? जाताना खंय?"

न्याशा हलेना. फिलोमिनाने नारळ आणला, तिने मान हलवली. पर्समधली नोट काढली, मान हलवली. गळ्यातली साखळी काढायला लागली, न्याशाने तिचा हात धरला आणि शालनच्या दाराकडे बघितलं. शालन दारात खांबाला टेकून उभी होती.

बाबलने हॉर्न वाजवला. आणखी एकदा वाजवला. मग हताश होऊन रिक्षातून उतरला, हात जोडले आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणंच घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही फिलोमिनाबायची सून तुज्या वाटेर बसली आसा! काय चुकला-माकला आसात तर पोटात घे, पण हिका उठय आणि कुडाळची गाडी गाठून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडग्यावर जमलेली सगळी वाडी ओरडली. ख्रिश्चन, हिंदू, मासेवाला, सगळे!

फिलोमिना पडवीत चुलीपाशी गेली, मी रिक्षातून उतरून तिच्या मागे. चुलीवर सकाळची पेज होती. मी ओरडले, "वाटी घे गो, वाटी!" ती म्हणाली, "नाय. लहान बशीच व्हयी." आणि चहाच्या बशीत पेज ओतून निघाली. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पेज नेऊन देतात. ती पेज आता निघाली होती! बशी काठोकाठ, बाईचा गुडघा दुखरा, पेज दोन्ही बाजूंनी सांडतेय. गेटपाशी पोचली तेव्हा बशीत दोन घोट उरले असतील.

शालनने बशी घेतली. तिथंच पायरीवर बसली आणि ते दोन घोट प्याली. फिलोमिना तिच्याशेजारी टेकली, तिचे दोन्ही हात धरले.

"कसो गेलो गो तो?"

शालन सांगायला लागली. अगदी पहिल्यापासून. ताप कसा आला, फोन कसा आला, हिला कसं जायला मिळालं नाही. सांगता सांगता रडली, ही पण रडली. मग शालन उठली, बशी घेऊन आत गेली. भांडं धुतल्याचा आवाज आला. आम्ही सगळे दाराकडे बघतोय. ती बाहेर आली आणि बशी फिलोमिनाच्या हातात दिली. बशीत गुळाचा खडा होता.

न्याशा उठली. कपड्यांची माती झाडली. तिला काही द्यावं लागलं नाही. तिने ओंजळीच्या त्या घुमणाऱ्या टाळ्या वाजवल्या आणि मला घेऊन रिक्षात येऊन बसली.

पण या दोघी! निरोप द्यायचाय, हात हलवायचाय, याचं भान कुणाला? ताप झाला, दीर झाला, आता दोदोलात गूळ किती घातला होता तिथपर्यंत गाडी पोचली होती. बाबल घड्याळ दाखवतोय. मी मान बाहेर काढून ओरडले, "अगो बायांनो, गाडी चुकतली! निदान सुनेक तरी..."

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"सुलभा, तू मधी बोला नको!"